थंडीत नेम का चुकतो? एका उत्तराची तपासणी

दहावीच्या कोणत्याही वर्गात पुढचा प्रश्न टाकून पाहावा. 'सोलापुरात नेम जुळवलेली, दुर्बीण बसवलेली रायफल सियाचीनला नेली, तर तेथील थंडीचा तिच्या दुर्बिणीवर काय परिणाम होईल?' अभ्यासू विद्यार्थी फार वेळ घेत नाहीत. त्यांचे उत्तर बहुधा असे असते : 'थंडीमुळे भिंग आकुंचन पावते, त्यामुळे त्याचे नाभीय अंतर बदलते आणि नेम चुकतो.' भरतीची तयारी करून घेणाऱ्या वर्गांतही हेच वाक्य कानावर पडते. वाक्य नीटनेटके आहे. त्यात कारण आहे, परिणाम आहे, पारिभाषिक शब्दही जागच्या जागी आहेत. तपासणारा शिक्षक बहुतेक पूर्ण गुण देईल.

या उत्तराची तपासणी करावी, हा या लेखाचा हेतू आहे. उत्तर सरळसरळ खोटे असते तर लेखाची गरज नव्हती. थंडीत भिंग आकुंचन पावते हे खरेच आहे. प्रश्न आहे तो 'किती' हा. आपल्या विज्ञानशिक्षणात 'का' हा प्रश्न बऱ्यापैकी विचारला जातो, 'किती' हा मात्र फारसा विचारला जात नाही. त्यामुळे खरे पण क्षुल्लक कारण आणि खरे व मोठे कारण यांतला फरक विद्यार्थ्याला कळेनासा होतो. रायफलीची दुर्बीण हे याचे चांगले उदाहरण आहे.

शस्त्राचा विषय शिक्षकांच्या मासिकात कशाला, असे कुणी विचारील. त्याचे एक उत्तर असे, की आपल्या जिल्ह्यातली अनेक मुले दरवर्षी सैन्याच्या आणि पोलिसांच्या भरतीला उभी राहतात. चाळीस अंशांच्या उन्हात धावण्याचा सराव करणारा मुलगा उद्या उणे वीस अंशांत पहाऱ्यावर असू शकतो. हातातले उपकरण का बिघडले हे त्याला कळणे न कळणे ही तेथे गुणांपुरती गोष्ट राहत नाही. दुसरे उत्तर असे, की ही चर्चा शस्त्रापुरती नाही. भूमापनाचे थिओडोलाइट, नान्नजच्या माळरानावर डिसेंबरच्या पहाटे पक्षी पाहायला नेलेली दुर्बीण, शाळेतला सूक्ष्मदर्शक, या सर्वांना हेच नियम लागू आहेत.

भिंग किती आकसते?

आकडेमोडीसाठी एक साधी दुर्बीण गृहीत धरू. वस्तुभिंगाचे नाभीय अंतर १५० मि.मी., व्यास ४० मि.मी., नळी ॲल्युमिनियमची. वस्तुभिंग जेथे प्रतिमा तयार करते तेथे नेमाची फुली बसवलेली आहे. नेम जुळवला त्या दिवशी तापमान ३० अंश सेल्सिअस होते. आता ते उणे २० अंश आहे. म्हणजे फरक ५० अंशांचा.

भिंगाची नेहमीची क्राऊन काच तापमानातील एका अंशाच्या फरकाला दहा लाखांत सुमारे ७ भाग आकसते. ५० अंशांना दहा लाखांत ३५० भाग. नाभीय अंतर १५० मि.मी. असेल, तर ते या हिशेबाने ०.०५ मि.मी.ने कमी व्हायला हवे. पण थंडीने काचेचा अपवर्तनांकही किंचित बदलतो. या काचेचा अपवर्तनांक थंडीत थोडा कमी होतो. अपवर्तनांक कमी झाला की प्रकाश कमी वाकतो आणि नाभीय अंतर वाढते. म्हणजे आकुंचनामुळे नाभीय अंतर घटते, अपवर्तनांकामुळे ते वाढते, आणि दोन्ही परिणाम एकमेकांना बरेचसे खोडून टाकतात. शिल्लक उरतो तो साधारण ०.०१५ मि.मी.चा फरक. मानवी केसाची जाडी ०.०७ मि.मी.च्या आसपास असते. तिच्या पाव भागाहूनही हा फरक कमी आहे.

म्हणजे उत्तरात ज्याला मुख्य आरोपी ठरवले, तो आकाराने सर्वांत लहान निघाला.

नळीचे काय?

ॲल्युमिनियम काचेच्या तिपटीहून अधिक आकसते, अंशाला दहा लाखांत २३ भाग. १५० मि.मी. लांबीची नळी ५० अंशांच्या थंडीत सुमारे ०.१७ मि.मी.ने आखूड होते. फुली भिंगाकडे तेवढी सरकते, पण प्रतिमा जवळजवळ जागेवरच राहते. दोघांत साधारण ०.१६ मि.मी.चे अंतर पडते.

येथे विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारावा : फुली भिंगाच्या जवळ आली म्हणून नेम एका बाजूला सरकेल का? बहुतेक जण 'हो' म्हणतील. उत्तर 'नाही' असे आहे. नेमाची दिशा ठरते ती भिंगाचे केंद्र आणि फुलीचा मध्य यांना जोडणाऱ्या रेषेने. फुली त्याच रेषेवर पुढे किंवा मागे सरकली तर रेषेची दिशा बदलत नाही. फुली अक्षापासून थोडी बाजूला असली तरी नळीची लांबी आणि ते बाजूचे अंतर एकाच प्रमाणात आकसतात, म्हणून कोन तोच राहतो. समरूप त्रिकोणांचा धडा शिकलेल्या विद्यार्थ्याला हे फळ्यावर एका आकृतीत पटते.

मग या ०.१६ मि.मी.चा परिणाम कोणता? तो आहे पराशयाचा. प्रतिमा आणि फुली एकाच प्रतलात नसतील, तर डोळा इकडेतिकडे हलवताच फुली लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसते. डोळा अगदी कडेला गेला, म्हणजे भिंगाच्या मध्यापासून २० मि.मी. अंतरावरून येणारा प्रकाश तो पाहू लागला, तर ही चूक ०.१६ × २० ÷ १५०, म्हणजे सुमारे ०.०२ मि.मी. होते. १५० मि.मी.वर ०.०२ मि.मी. याचा अर्थ १०० मीटरवर सुमारे दीड सेंटिमीटर. डोळा मध्यावर असेल तर चूक शून्य.

याच आकड्याला आणखी एक अर्थ आहे आणि तो काढण्यासाठी भिंगाचे नेहमीचे सूत्र पुरते. वस्तू १०० मीटरवर असेल तर या भिंगाची प्रतिमा नाभीपासून ०.२२५ मि.मी. पलीकडे पडते. फुली तेथेच बसवलेली होती. थंडीत हे अंतर घटून ०.०७ मि.मी.च्या जवळ आले. एवढ्या अंतरावर प्रतिमा पडते ती तीनशेहून थोड्या अधिक मीटरवरच्या वस्तूची. म्हणजे १०० मीटरसाठी जुळवलेली दुर्बीण थंडीत आपोआप तीनशे मीटरच्या पलीकडे जुळलेली झाली. थंडीने ती 'बिघडली' असे सरसकट म्हणता येत नाही. कशासाठी वापरणार, यावर ते अवलंबून आहे. असे उदाहरण धड्यात असते तर सूत्र पाठ करण्याचा कंटाळा पुष्कळ कमी झाला असता.

खरा घोळ कड्यांत

नेम खरोखर एका बाजूला सरकतो तो दुर्बीण रायफलीला धरून ठेवणाऱ्या कड्यांपाशी. रायफल पोलादाची, दुर्बीण ॲल्युमिनियमची. पोलाद अंशाला दहा लाखांत सुमारे १२ भाग आकसते, ॲल्युमिनियम २३. दोन कड्यांमध्ये १०० मि.मी. अंतर असेल तर ५० अंशांच्या फरकाने दोन्ही धातूंत ०.०५५ मि.मी.ची तफावत पडते. कड्या एका सरळ रेषेत नीट बसवलेल्या असतील तर हा ताण नळीच्या लांबीच्या दिशेने जातो आणि नेमाला धक्का लागत नाही. कड्या तिरक्या असतील, स्क्रू कमी-अधिक आवळलेले असतील, तर तोच ताण नळीला किंचित वाकवतो किंवा एक कडी उचलतो.

'किंचित' म्हणजे किती? १०० मि.मी. अंतरावरची एक कडी फक्त ०.०१ मि.मी.ने उचलली गेली, तर दुर्बिणीची दिशा दहा हजारांत एका भागाने बदलते आणि १०० मीटरवर नेम १ सेंटिमीटरने सरकतो. कडीखाली केसाच्या जाडीएवढी फट पडली तर १०० मीटरवर ७ सेंटिमीटर! लांबीच्या दिशेने ०.१७ मि.मी.चे आकुंचन होऊनही दिशा बदलत नाही, आणि आडव्या दिशेने त्याच्या सतराव्या भागाने ती बदलते. आकुंचन किती झाले याहून ते कोणत्या दिशेने झाले हे महत्त्वाचे ठरते. 'आकुंचन पावते म्हणून नेम चुकतो' या वाक्यात दिशेचा उल्लेखच नाही, हा त्याचा दुसरा दोष.

हा प्रश्न काही नवा नाही. विल्यम लॅम्ब्टनने १८०२ साली मद्रासजवळ त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची आधाररेषा मोजली, तेव्हा शंभर फुटी पोलादी साखळीचे तापमान सतत मोजून लांबीत दुरुस्ती करावी लागत होती. पुढे हेच सर्वेक्षण उत्तरेकडे नेत असता १८२३ साली विदर्भातल्या हिंगणघाटला लॅम्ब्टनचे निधन झाले. त्याच्यानंतर जॉर्ज एव्हरेस्टने १८३० साली इंग्लंडहून येताना कोल्बीच्या पट्ट्या आणल्या. एक पट्टी पितळेची आणि एक लोखंडाची, दोन्ही मध्यभागी जोडलेल्या, आणि टोकांना अशा आडव्या पट्ट्या, की दोन धातूंच्या कमी-जास्त प्रसरणामुळेच त्यांवरच्या खुणांमधले दहा फुटांचे अंतर कायम राही. धातूंचे असमान प्रसरण हा दोष खरा, पण कारागिराने त्यालाच कामाला लावले. आजचे दुर्बिणीचे रचनाकारही काच आणि धातू यांच्या जोड्या निवडताना हाच विचार करतात.

धुके : ज्याचा उत्तरात उल्लेखच नाही

आतापर्यंतच्या साऱ्या परिणामांत दुर्बिणीतून निदान दिसत तरी होते. थंडीचा सर्वांत मोठा उपद्रव दिसणेच बंद करतो. तो म्हणजे भिंगावर धरणारे दव आणि हिम.

३० अंशांच्या हवेच्या एका घनमीटरमध्ये जास्तीत जास्त ३० ग्रॅम बाष्प मावते. उणे २० अंशांना जेमतेम १ ग्रॅम. दुर्बिणीच्या पोटात साधारण १५० मिलिलीटर हवा असते असे धरू. सोलापुरात पावसाळ्यात, सापेक्ष आर्द्रता ६० टक्के असताना तिचे झाकण उघडून पुन्हा लावले, तर आत सुमारे २.७ मिलिग्रॅम बाष्प कोंडले जाते. उणे २० अंशांना त्यातले ०.१५ मिलिग्रॅम हवेत राहील. उरलेल्या अडीच मिलिग्रॅमला बाहेर वाट नाही. ते नळीच्या आतल्या बाजूवर आणि भिंगांच्या आतल्या पृष्ठांवर बसते. अडीच मिलिग्रॅम म्हणजे पाण्याच्या एका थेंबाचा अगदी लहानसा अंश. पण भिंगाच्या पृष्ठावर पसरला की समोरचे दृश्य पुसून टाकायला तो पुरेसा आहे, आणि आतल्या बाजूचे धुके रुमालाने पुसता येत नाही.

म्हणून चांगल्या दुर्बिणीत कोरडा नायट्रोजन भरून सांधे रबरी कड्यांनी बंद करतात. यावरही एक चुकीचे स्पष्टीकरण रूढ आहे : 'नायट्रोजन गोठत नाही म्हणून तो वापरतात.' हवेचा पाऊण भागाहून अधिक नायट्रोजनच असतो, आणि हवेतला ऑक्सिजनही उणे २० अंशांना गोठत नाही. येथे महत्त्व आहे ते कोरडेपणाला. बाष्प पूर्ण काढलेली साधी हवा भरली तरी धुके धरणार नाही. नायट्रोजन सोयीचा, कारण तो कोरडा आणि स्वस्त मिळतो आणि धातूला गंज चढवत नाही.

बाहेरच्या बाजूचे धुके नायट्रोजनने थांबत नाही. नेम धरणाऱ्याचा उच्छ्वास ३४-३५ अंशांचा आणि बाष्पाने भरलेला असतो. तो थंड नेत्रभिंगावर आदळला की त्याचे लगेच हिम होते. गारठलेली दुर्बीण उबदार तंबूत आणली तरी तिच्यावर दव धरते. तशीच परत बाहेर नेली तर ते दव गोठते. म्हणून ती बाहेरच, कोरड्या पिशवीत ठेवण्याची शिस्त पाळावी लागते. १९३९-४० च्या हिवाळी युद्धात फिनलंडचा प्रसिद्ध नेमबाज सिमो हायहा उणे वीस ते उणे चाळीस अंशांच्या थंडीत दुर्बीण न लावता, नळीच्या टोकावरची खूण आणि मागची खाच यांवरच नेम धरत असे. दुर्बिणीच्या भिंगावर धुके व हिम धरते, तिला डोळा लावायला डोके जास्त वर काढावे लागते आणि तिची काच उन्हात चकाकते, ही त्यामागची कारणे. भिंगाचे आकुंचन त्याच्या कारणांत नव्हते.

वंगण, विजेरी आणि प्लास्टिक

नेम जुळवण्याच्या फिरक्यांना आत वंगण असते. साधे वंगण थंडीत घट्ट होते. फिरकी फिरवली तरी फुली लगेच सरकत नाही. मग रायफलीच्या पहिल्याच धक्क्याने ती अवचित जागा बदलते. यावर उपाय म्हणजे कमी तापमानालाही पातळ राहणारे वंगण.

फुली अंधारात दिसावी म्हणून काही दुर्बिणींत विजेरीवर चालणारा छोटा दिवा असतो. थंडीत विजेरीतील रासायनिक क्रिया मंदावते आणि दिवा मालवतो. भारतीय सेनेने दीर्घकाळ वापरलेल्या द्रागुनोव्ह रायफलीवर पी.एस.ओ.-१ ही रशियन बनावटीची दुर्बीण असते. तिच्याबरोबर हिवाळ्यासाठी तार जोडलेला वेगळा विजेरी-कप्पा मिळतो. विजेरी जवानाच्या कोटाच्या आत, अंगाच्या उबेत राहते आणि तारेने दिव्याला वीज पुरवते. यात भारी तंत्रज्ञान काहीच नाही. अडचण नेमकी कोठे आहे हे ओळखले, की तोडगा एवढा साधा निघू शकतो.

प्लास्टिक थंडीत ठिसूळ होते. पुण्याच्या आयुध संशोधन संस्थेत आराखडा तयार झालेल्या इन्सास रायफलीच्या प्लास्टिकच्या मॅगझिनना १९९९ च्या कारगिल युद्धात थंडीमुळे तडे गेल्याच्या तक्रारी आल्या होत्या. मैदानात चांगली चाललेली वस्तू पर्वतावर तशीच चालेल असे गृहीत धरता येत नाही, हा त्यातला धडा.

नेम चुकला, पण दोष दुर्बिणीचा का?

मूळ उत्तराचा आणखी एक दोष असा, की ते आरोपी आधीच ठरवून तपासाला निघते. गोळी लक्ष्याच्या खाली लागली याचा अर्थ दुर्बीण सरकली असाच होतो का?

काडतुसातील दारू थंडीत संथ जळते. ५० अंशांच्या फरकाने गोळीचा वेग, दारूच्या प्रकारानुसार, सेकंदाला वीस-तीस मीटरने कमी होऊ शकतो. हवेचा रोध बाजूला ठेवून हिशेब करू. सरासरी वेग सेकंदाला ७०० मीटर असेल तर ३०० मीटर जायला ०.४३ सेकंद लागतात आणि तेवढ्यात गोळी ९० सेंटिमीटर खाली पडते. वेग ६७५ मीटर झाला तर ती ९७ सेंटिमीटर पडते. म्हणजे दुर्बीण तिळभरही न सरकता नेम ७ सेंटिमीटर खाली गेला. १०० मीटरवर हाच फरक फक्त पाऊण सेंटिमीटर असतो. अंतर तिप्पट झाले तर फरक नऊपट होतो. आपल्या राज्यातील खडकी आणि वरणगाव या दारूगोळा कारखान्यांत काडतुसे तयार होतात. काडतूस उष्ण आणि थंड अशा दोन्ही टोकांना पारखावे लागते, ते यासाठीच.

आता हवेचा विचार. 'थंड हवा जड असते' हे विद्यार्थ्याला पाठ असते. दाब तोच ठेवून ३० अंशांची हवा उणे २० अंशांना आणली तर ती खरोखरच सुमारे २० टक्के दाट होते. मग सियाचीनला गोळीला जास्त रोध होईल, असा निष्कर्ष विद्यार्थी काढतो, आणि येथे तो फसतो. साडेपाच हजार मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो. निम्म्याचे २० टक्के वाढवले तरी घनता ६० टक्केच भरते. तेथील हवा थंड असूनही विरळ आहे आणि गोळीला रोध कमी होतो. कारगिलच्या युद्धात बोफोर्स तोफांचे गोळे मैदानातल्यापेक्षा दूर जात, त्याचे कारण हेच. संथ जळणारी दारू गोळी खाली ओढते, विरळ हवा तिला दूर नेते. कोणाचा जोर जास्त ते अंतर सांगेल. एका वाक्याच्या उत्तरात हे मावत नाही.

तीन शेजारी धडे

ही सारी चर्चा शाळेच्या आवाक्याबाहेरची आहे काय? मुळीच नाही. बालभारतीने २०१८ साली काढलेल्या दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान, भाग १' या पुस्तकात पाचवा धडा उष्णतेचा आहे. त्यात दवबिंदू आणि आर्द्रता आहे. सहावा धडा प्रकाशाच्या अपवर्तनाचा. त्यात हवेतील बदलांमुळे तारे का लुकलुकतात ते सांगितले आहे. सातवा धडा 'भिंगे व त्यांचे उपयोग'. त्यात दूरदर्शी आहे. घनपदार्थांच्या प्रसरणाचे सूत्र मूल आठवीतच शिकलेले असते. आमच्या तपासणीला लागलेली जवळजवळ सर्व सामग्री या धड्यांत आहे. बाष्पाचा प्रश्न भूगोलाकडे आणि रसायनाचा दुसरीकडे न ढकलता या पुस्तकाने दवबिंदू उष्णतेच्या धड्यात घेतला, ही चांगली गोष्ट आहे आणि तिचे श्रेय दिलेच पाहिजे.

तक्रार अशी, की हे धडे एकमेकांचे शेजारी असूनही त्यांची बोलचाल नाही. दवबिंदूच्या धड्यात भिंग येत नाही, आणि भिंगाच्या सूत्रात तापमानाला जागा नाही. भिंगाचे नाभीय अंतर एकदा दिले की ते जणू कोणत्याही ऋतूत तेवढेच. उदाहरणे सोडवताना विद्यार्थ्याला वाटते, की भिंग हवेत तरंगते, त्याला नळी नाही, कडी नाही, स्क्रू नाही. प्रत्यक्षात उपकरण जेव्हा दगा देते तेव्हा बहुधा भिंग ठीक असते. बिघाड असतो तो नळीत, कडीत, वंगणात किंवा बाष्पात. पुस्तकातील शुद्ध भिंग आणि हातातील उपकरण यांतले हे अंतर पार करायला विद्यार्थ्याला कुणी शिकवत नाही. म्हणून त्याला जो धडा आठवतो त्यातले वाक्य तो उचलतो. सुरुवातीच्या उत्तराचा उगम हा असा आहे. त्याचा दोष विद्यार्थ्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल.

दुसरी तक्रार प्रश्नपत्रिकेबद्दल. 'कारणे द्या' हा आपल्याकडचा आवडता प्रश्नप्रकार. त्यात एक कारण दिले की गुण मिळतात. दोन कारणे सांगा, त्यांपैकी मोठे कोणते ते आकड्याने दाखवा, असे विचारले जात नाही. विज्ञानात कारणांची यादी करणे हे काम अर्धेच आहे. त्यांना लहान-मोठ्या क्रमाने लावणे हे उरलेले अर्धे, आणि बिघाड दुरुस्त करणाऱ्याला तेच उपयोगी पडते.

सोलापुरात करून पाहता येईल असे

यासाठी ना रायफल लागते ना बर्फाचा डोंगर.

पहिला प्रयोग दवबिंदूचा. चकचकीत स्टीलच्या पेल्यात साधे पाणी घ्यावे, त्यात तापमापी ठेवावी आणि बर्फाचे लहान तुकडे टाकत ढवळत राहावे. पेल्याच्या बाहेरच्या बाजूवर पहिली वाफ धरली की तापमान वाचावे. तोच त्या दिवसाचा दवबिंदू. हा प्रयोग डिसेंबर, एप्रिल आणि जुलै अशा तीन महिन्यांत करावा. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीला मे महिन्याच्या कोरड्या दुपारी फारसे पाणी सुटत नाही आणि जुलैत ती ओलीचिंब होते, हे घरात सगळ्यांनी पाहिलेले असते. त्यामागचा आकडा वर्गात मिळवता येतो. आपली दुर्बीण कोणत्या महिन्यात उघडू नये हेही त्यातून ठरवता येते.

दुसरा प्रयोग पराशयाचा. पुठ्ठ्याच्या नळीच्या एका टोकाला भिंग आणि आत सरकणाऱ्या दुसऱ्या नळीवर दोन केसांची फुली लावावी. मागून दुसऱ्या लहान भिंगाने पाहावे. फुली प्रतिमेच्या प्रतलात असताना आणि थोडी पुढे-मागे असताना डोळा हलवून फरक नोंदवावा. एक मिलिमीटर सरकवल्यावर काय होते ते पाहिले, की ०.१६ मि.मी.चा अंदाज त्रैराशिकाने येतो.

तिसरा प्रयोग कडीचा. सरळ लाकडी पट्टीवर लेसरचा साधा दिवा बसवून समोरच्या भिंतीवरचा ठिपका पाहावा. दिव्याच्या एका टोकाखाली वहीचा एक कागद सरकवावा. ठिपका किती हलला ते मोजावे आणि भिंत १०० मीटरवर असती तर किती हलला असता याचा हिशेब करावा. दिव्याचा झोत कुणाच्याही डोळ्यांत जाणार नाही, याची शिक्षकांनी खबरदारी घ्यावी.

हे तीन प्रयोग झाल्यावर सुरुवातीचा प्रश्न पुन्हा वर्गात टाकावा. या वेळी उत्तर वहीच्या अर्ध्या पानाचे येईल आणि त्यात निदान एक भागाकार असेल. काही विद्यार्थी उलट विचारतील : सर, तापमान किती अंशांनी उतरले? नळी कशाची? लक्ष्य किती मीटरवर? असे प्रश्न येऊ लागले, की धडा शिकवून झाला असे समजावे. तिन्ही महिन्यांच्या दवबिंदूंच्या नोंदी शिक्षकांनी आम्हांला अवश्य पाठवाव्यात. अक्कलकोट, बार्शी, सांगोला आणि पंढरपूर येथल्या शाळांचे आकडे शेजारी शेजारी मांडले, तर एकाच जिल्ह्यात हवेचा ओलावा किती बदलतो हे आपल्या सर्वांनाच पाहायला मिळेल.